पूजेतला लॅपटॉप

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शिवलीलानं माळ्यावरनं लॅपटॉप खाली काढला, खणाची घडी सोडली, पिन लावली, बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. पिन काढली, फुंकर मारली, परत लावली. दिवा नाही, आवाज नाही, पंख्याची घरघर नाही. मशीन आपलं ढिम्म.

"अय्यो शिवा," ती म्हणाली आणि आधी दाराकडं बघितलं. दारात जाऊबाई हेमावती सूप घेऊन उभीच. झालं! म्हणजे दुपारच्या जेवणाआधी बातमी नव्या पेठेत पोचली म्हणून समजा.

आता अठरा वर्षांच्या जुन्या डबड्यासाठी बाईच्या तोंडचं पाणी पळायचं कारण काय, असं कुणालाही वाटेल. तर ते आधी सांगायला पाहिजे.

त्या घराचं नव्या पेठेत लग्नपत्रिकांचं दुकान. सासऱ्यांनी, वीरभद्रप्पांनी, शिशाचे खिळे, म्हणजे एकेक अक्षर, जुळवून छापायच्या काळात काढलेलं. त्यांनी एक नियम घालून दिला होता. खंडेनवमीला दुकानात लाल कापड अंथरायचं आणि दुकानात बसणाऱ्या प्रत्येकानं आपलं हत्यार त्यावर मांडायचं. विभूतीचे पट्टे, हळदकुंकू, अक्षता, फूल, तीर्थ, आरती. आणि आरती झाली की शेजारच्या दुकानदारांसमोर ते हत्यार एकदा चालवून दाखवायचं. थोरला बसवराज कटिंग मशीनवर कागदाचा गठ्ठा एका दणक्यात कापायचा. धाकटा गुरुशांत लॅपटॉपवर पत्रिका उघडून दाखवायचा. ज्याचं हत्यार पूजेत चाललं, त्याची खुर्ची वर्षभर पक्की. ज्याचं चाललं नाही, त्यानं घरी बसायचं. याला ना कागद ना सही, पण म्हाताऱ्याचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ होती.

सहा वर्षांपूर्वी गुरुशांत गेला. भर दुपारी दुकानातच छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा पोचला नाही. शिवलीलाच्या पदरात चार वर्षांची रुद्राणी. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की बाई आता चुलीपुढं जाणार. पण त्या खंडेनवमीला वीरभद्रप्पांनी लेकाचा लॅपटॉप स्वतःच्या हातानं कापडावर ठेवला आणि सुनेला म्हणाले, "हे हत्यार चालतंय तोवर तुझी खुर्ची आहे. बस."

ती बसली. शिकली. दुकानातल्या मोठ्या कॉम्प्युटरवर मराठी पत्रिका, कानडी पत्रिका, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कानडी अशी जोडपत्रिका, सगळं करायला लागली. वळसंग गावचे लोक लग्न ठरलं की सरळ येऊन विचारायचे, "लीलाताई कुठं हायत?" गुरुशांतचा लॅपटॉप मात्र खणात बांधलेला. वर्षातनं एकदा निघायचा, पूजेला. अहो, जे मशीन वर्षातनं एकदा चालवायचं ते चालेल कसं? पण देवाच्या वस्तूला रोज हात लावायचा नसतो ना! ही एक खुळी समजूत, आणि ती तिची एकटीची नव्हती.

गेल्या मार्गशीर्षात वीरभद्रप्पा गेले. मठामागच्या जागेत त्यांना समाधी दिली, आणि महिना उलटायच्या आत बसवराजनं त्यांच्या खिळ्यांच्या पेट्या शिशाच्या भावानं घालवल्या. "चालवणारा गेला, हत्यार गेलं," म्हणाला. त्याचा लेक प्रभु पुण्यात डिझाइनचा कोर्स करून नुकताच परत आलेला. दुकान केवढं? दोन खुर्च्या मांडल्या की तिसरीला जागा नाही. एक बसवराजची. दुसरीवर शिवलीला बसायची.

म्हणून तिनं दाराकडं बघितलं होतं.

संध्याकाळी बसवराज घरी आला, हातपाय धुतले, कपाळाला विभूती लावली आणि पाटावर बसला. हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही. कुणाला शिवी नाही, कुणावर हात नाही. गोड बोलायचा, आणि केसानं गळा कापायचा.

"लीला, हेमा म्हणत होती ते खरं काय गं? चालू होईना झालंय म्हणे."

"करून आणते भावजी. नऊ दिवस आहेत."

"आण की. चालू झालं तर मला काय कमी आनंद आहे? भावाची आठवण आहे ती." मग भाकरीचा तुकडा मोडत, "नाहीच झालं तर आपला इलाज नाही बघ. बाबांचा नियम. तो मोडणारा मी कोण?"

"नाहीतर मी नवा लॅपटॉप घेते. तो मांडते."

बसवराज हसला. "घे की. पण नवं हत्यार घरातल्या थोरल्यानं हातात द्यावं लागतं. बाबांनीच दिलं होतं ना गुरूला? आता थोरला कोण आहे घरात?"

पलीकडं सासू, नागम्मा, शेंगा सोलत बसली होती. तिला कानानं कमी यायचं. थोरला हा शब्द तेवढा तिला ऐकू आला आणि तिनं बसवराजकडं बोट दाखवलं. सगळे हसले. शिवलीलाही हसली, न हसून करते काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत लॅपटॉप घालून ती नव्या पेठेत निघाली. एका कापड दुकानाच्या जिन्याखाली अभिमन्यू बसायचा. मूळचा नातेपुत्याचा, पन्नाशीतला, तिरसट. त्याच्या डोक्यावर जिन्याच्या पायऱ्या, पुढ्यात वाजणारा रेडिओ आणि मागं मेलेल्या मशीनांचा ढीग. त्यानं लॅपटॉप हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ताई, ह्ये भंगार हाय. वजनावर घाला."

"वजनावर घालायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते?"

"लई जुनं हाय वो. ह्येचं सामान बी मिळत न्हाय आता."

शिवलीला स्टुलावर बसली आणि तिनं खुर्चीची, नवऱ्याची, प्रभुची, सगळी हकीकत सांगितली. गिऱ्हाइकं येऊन जात होती, हा माणूस एकाकडंही बघेना. सांगून झाल्यावर तो बोलला एवढंच, "नवमीला पायजे व्हय? बगतो. बोलत न्हाय काय."

आणि तिच्यासमोरच त्यानं स्क्रू काढले. झाकण निघालं आणि अभिमन्यू मागं सरकला.

"ताई, ह्यात पोहं केल्तं काय तुमी?"

आत बटणांच्या खाली हळद बसली होती. अक्षतांचे दाणे कोपऱ्याकोपऱ्यात. कुंकवाचा वाळून चिखल झालेला. बेलाच्या पानाचा एक तुकडा पंख्यात अडकलेला. आणि जिथं पिन बसते ती जागा हिरवीगार गंजलेली.

"पूजेचं आहे ते," ती म्हणाली.

"दिसतंय की! देवाला घातलं ते देवानं न्हाय खाल्लं, मशीननं खाल्लं. पाणी कोन शिपडत हुतं ह्येच्यावर?"

कोण शिंपडत होतं? तीच. सहा वर्षं दर खंडेनवमीला सगळ्यांच्या हत्यारांवर दोन-दोन थेंब आणि नवऱ्याच्या हत्यारावर बेलाचं पान पुन्हा बुडवून चार थेंब जास्त. तेवढाच जीव लावायला वाव होता बिचारीला. आता कळलं की त्या जीव लावण्यानंच ते मेलं.

मग रोज दुकानाला जाताना ती जिन्याखाली डोकवायची. पहिले दोन दिवस अभिमन्यू दात घासायच्या ब्रशानं आणि स्पिरिटनं नुसता कुंकू धुवत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं भंगारातल्या एका मशीनची पिनेची जागा काढून याला डकवली. लावून बघितलं. नाही. चौथ्या दिवशी मीटर लावून आतल्या सर्किटच्या पट्टीचा एकेक ठिपका तपासला आणि तिळाएवढा एक जळका भाग सापडला. तो बदलला. दिवा लागला आणि विझला. शिवलीलाला वाटलं, गेलं. "जात न्हाय आसं," अभिमन्यू म्हणाला, "तुमी घरी जावा. हितं बसून माझ्या हाताकडं बगू नका."

आठव्या दिवशी, अष्टमीला दुपारी, त्यानं निरोप धाडला. ती गेली तर लॅपटॉप उघडा, वर एक स्वच्छ फडकं.

"बटण तुमी दाबा," तो म्हणाला. "मी दाबलेलं चालणार न्हाय."

तिनं दाबलं. दिवा लागला. पंखा घरघरला, खोकला, पुन्हा घरघरला. पाच-सहा मिनिटं काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावत राहिली, आणि मग पडदा निळा झाला. त्यावर एकच फाइल होती, पहिल्यापासून तिथंच ठेवलेली. तिनं ती उघडली. चि. गुरुशांत आणि चि. सौ. कां. शिवलीला. स्वतःच्या लग्नाची पत्रिका त्यानं स्वतः काढली होती, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी, आणि कडेनं विजोड रंगाचे मोर. मोरांवरनं तेव्हा दोघांचं भांडण झालं होतं. शिवलीला त्या जिन्याखाली, भर पेठेत, तोंडाला पदर लावून रडली. अभिमन्यू उगाचच चहा सांगायला उठून गेला.

परत आल्यावर त्यानं तिला नीट बजावलं. "ऐका आता. ब्याटरी मेल्याली हाय, पिन हाय तोवरच चालंल. पिन निसटली की बंद. झाकण मिटू नका, आतली तार कातरल्याली हाय. आन् पाणी. ताई, पाण्याचा एक थेंब बी न्हाय. पट्टी आतनं कागदावानी झालीया. आन् पडलंच पाणी, तर सगळ्यात आदी काय करायचं?"

"पुसायचं."

"पिन उपटायची! करंट नसला तर वाळवून वाचवता येतंय. पिन लावल्याली आसताना पाणी पडलं म्हंजी खेळ खल्लास. मग माझ्याकडं आणू बी नका."

"सगळ्यात आधी पिन उपटायची," ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली.

घरी येताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. बसवराज दुपारच्या जेवणाला घरी आलेला, हेमावती वाढत होती. त्यानं ताटावरनं वर बघून विचारलं, "झालं काय गं चालू?" इतक्या मायेनं विचारलं की ती तिथंच दारात बसली आणि भडाभडा सगळं सांगून मोकळी झाली. अक्षता, बेलाचं पान, गंज, बॅटरी मेलेली, पिन काढायची नाही, पाण्याचा थेंब चालणार नाही. अगं बाई, जिभेला काही हाड? आठ दिवस ज्याच्या भीतीनं झोपली नाहीस त्याच्याच पुढ्यात ताट वाढल्यासारखं सगळं वाढून ठेवलंस! पण आनंद झालेला माणूस आंधळा असतो. आणि खरं सांगायचं तर तिला ते बसवराजलाच सांगायचं होतं. बघा, चालू केला, असं त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं.

"मग यंदा तीर्थ नको त्याच्यावर," बसवराज विचार करून म्हणाला. "कोरडं फूलच वाहू. आईला मी सांगतो, तिच्या ध्यानात राहत नाही."

"हौदू, हो भावजी. बरं होईल."

संध्याकाळी रुद्राणी शाळेतनं आली. दहा वर्षांची पोर, बापाचा चेहरा घेऊन आलेली. दप्तर टाकलं आणि लॅपटॉपजवळ येऊन मांडी घालून बसली. तिला अप्पाचं, बापाचं, फार काही आठवत नव्हतं. मांडीवर बसून बटणं दाबलेली तेवढी आठवायची.

"अव्वा, यंदा मी पाणी शिंपडू? मागच्या साली म्हणाली होतीस, पुढच्या साली म्हणून."

शिवलीला काडीला फडकं गुंडाळून बटणांच्या फटीतलं उरलंसुरलं कुंकू काढत होती. "बघू," ती म्हणाली.

बघू! आयांच्या तोंडात हा शब्द कुणी घातला देव जाणे. धड हो नाही, धड नकोही नाही, मधल्यामध्ये पोर लटकलेलं. थोरल्या दिराला जे पाल्हाळ लावून सांगितलं त्यातलं एक वाक्य जरी लेकीला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण पोराला काय सांगायचं, असं वाटतं माणसाला.

खंडेनवमीला सकाळी दुकान झेंडूनं भरलं. लाल कापड दाराशी अंथरलं होतं, पेठेतल्या लोकांना दिसावं म्हणून. शेजारचे भांडीवाले, साडीवाले, पलीकडचा सराफ, सगळे आले. कापडावर बसवराजचं कटिंग मशीन, त्याच्या पात्याला लिंबू लावलेलं. शेजारी गुरुशांतचा लॅपटॉप, उघडा, झाकणावर विभूतीचे तीन पट्टे, कोरडे. प्रभुचा नवाकोरा लॅपटॉप काउंटरवर ठेवलेला, अजून त्याला मान नव्हता.

मशीनला चालू व्हायला सहा मिनिटं लागायची, म्हणून आरतीआधीच लावून ठेवायला हवं होतं. शिवलीलानं वायर काउंटरच्या मागं नेली. चांगल्या बोर्डात प्रभुची पिन. दुसरा बोर्ड ढिला, पिन घातली की लोंबायची आणि लॅपटॉप फट्कन बंद व्हायचा.

"प्रभुची काढू काय भावजी?"

"अगं त्याचं चार्जिंग चाललंय. दाबून धरून उभी राहा की जरा. आरती ती काय, पाच मिनिटांची." बसवराज सगळ्यांकडं बघून हसला. "भावाचं हत्यार आहे, भावजयीनं एवढं करायला नको?"

लोक हसले. ती काउंटरमागं भिंतीला टेकून, बोर्डात पिन दाबून उभी राहिली. कापडाशी बसलेल्या रुद्राणीनं बटण दाबलं. तिच्या आणि लाल कापडाच्या मध्ये काउंटर, खुर्च्या आणि पंधरा माणसं. माणसांच्या खांद्यांवरनं तिला पडदा निळा झालेला दिसला. त्यावर ती एकच फाइल. वरचा श्वास वर होता तो खाली आला. आता आरती, मग फाइल उघडायची, मोर दाखवायचे, झालं.

आरती सुरू झाली. घंटा, झांजा, नागम्मा मोठ्यानं म्हणतेय, तिच्या मागनं सगळे. शेवटी "हर्र बोला हर्र" सुरू झालं आणि दुकान दणाणलं. त्या गदारोळात शिवलीलाला दिसलं की बसवराज खाली वाकलाय. त्यानं तीर्थाचा तांब्या उचलला. पात्यावर पानानं दोन थेंब शिंपडले. मग त्यानं रुद्राणीला जवळ ओढलं, तिच्या परकराची कड नीट केली, आणि अख्खा तांब्या तिच्या हातात दिला. तिच्या कानाला तोंड लावून काहीतरी म्हणाला. पोरीचं तोंड उजळलं.

"रुद्रा!" शिवलीला ओरडली. "रुद्रा, नको!"

घंटा. झांजा. हर्र बोला हर्र.

पिन तिच्या हातात होती. नुसता हात मागं घेतला असता तरी पुरे होतं. पण पिन सोडली तर पडदा बंद, सगळ्या पेठेसमोर बंद, चालवून दाखवायच्या आधीच बंद. पुन्हा चालू व्हायला सहा मिनिटं, आणि बसवराज सहा मिनिटं थांबणारा नव्हे. पोरगी थांबेल. ऐकू गेलं असेल. कुणीतरी धरेल तिला. एवढं सगळं तिच्या मनात आलं, आणि तिनं पिन सोडली नाही. उलट जास्त घट्ट दाबली.

रुद्राणीनं तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि देवाला घालतात तसं, धार धरून, बटणांवर ओतला. सावकाश. सगळा.

फट् असा एवढासा आवाज झाला. निळा पडदा पांढरा झाला, मग त्याच्यावर काळा पट्टा आला, मग काहीच राहिलं नाही. जळका वास सुटला. आरती थांबली.

शिवलीला माणसं ढकलत, खुर्ची पाडत पुढं आली. रुद्राणी रिकामा तांब्या घेऊन तिच्याकडं बघत होती आणि हसत होती.

"अव्वा, मी सगळं घातलं. जरा पण बाहेर सांडलं नाही."

शिवलीलानं तिच्या फाडकन थोबाडीत दिली. तांब्या फरशीवर गडगडत गेला. दहा वर्षांत पोरीला बोट लावलं नव्हतं तिनं. रुद्राणी रडली नाही, गालाला हात लावून नुसती उभी राहिली. "दोड्डप्पा म्हणाले," ती थोरल्या काकाकडं बोट करून म्हणाली, "अप्पाला आंघोळ घाल म्हणून. हात आखडू नको म्हणाले."

"सणाच्या दिवशी लेकराला मारतात काय गं?" बसवराजनं तिला पोटाशी धरलं. "देवाचं पाणी आहे ते. त्यानं कुठं काय होतंय?"

"तुम्हाला सांगितलं होतं मी! पाणी चालत नाही म्हणून सांगितलं होतं, काल!"

"मला?" बसवराजनं सगळ्यांकडं बघितलं. डोळ्यांत खरंखुरं नवल. "कधी गं? मला सांगितलं असतंस तर मी पोराच्या हातात तांब्या दिला असता काय?"

सराफानं मान हलवली. भांडीवाला म्हणाला, जाऊ द्या वहिनी, जुनंच झालं होतं. देवमाणूस तो बसवराज, त्याच्यावर कोण संशय घेणार? शिवलीलानं हेमावतीकडं बघितलं. ती काल वाढत होती, तिनं शब्द न् शब्द ऐकला होता. हेमावती खाली वाकून फरशीवरचं पाणी पुसायला लागली.

नागम्माला काय चाललंय ते उशिरा समजलं. तिनं लॅपटॉप उचलला, कडेनं पाणी गळत होतं ते पदरानं टिपलं, मेलेल्या लेकाच्या तोंडावरनं फिरवावा तसा झाकणावरनं हात फिरवला, आणि तो शिवलीलाच्या हातात दिला. "बंद हत्यार पूजेत नको, बाई," ती म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. नियम होता तो.

बसवराजनं काउंटरवरचा नवा लॅपटॉप, घरातला थोरला म्हणून, प्रभुच्या हातात दिला आणि रिकाम्या झालेल्या जागी मांडायला लावला. विभूती, कुंकू, फूल. पाणी शिंपडायची वेळ आली तेव्हा बसवराज म्हणाला, "यावर नको. आत्ताच बघितलं ना काय होतंय ते." सगळ्यांना ते पटलं. मग त्यानं रुद्राणीच्या हातावर पेढा ठेवला, आणि शिवलीलाला म्हणाला, "लीला, लोकांना चहा ठेव. आता तुला निवांत वेळ आहे की पोरीकडं बघायला."

दसरा गेला. घरात जो येईल त्याला हेमावती सांगत होती, रुद्राणीनं पाणी घातलं हो, नाहीतर चालू झाला होता बघा. पोरगी ते ऐकायची आणि भिंतीकडं तोंड करून बसायची. आईशी बोलत नव्हती, आई तिच्याशी बोलत नव्हती. एकादशीला शिवलीला लॅपटॉप पिशवीत घालून निघाली तर रुद्राणी न विचारता चप्पल घालून मागनं आली.

"आणू नका म्हणलं हुतं की," अभिमन्यू म्हणाला. पण त्यानं स्क्रू काढले. झाकण उघडून नुसता वास घेतला. "गेलं ह्ये. आता न्हाय व्हायचं."

"काहीच नाही?"

"न्हाय." त्यानं त्या काळ्या पडलेल्या पट्टीवरनं बोट फिरवलं. आठ दिवसांची त्याचीही मेहनत होती. "कुणी घातलं पाणी?"

"हिनं," शिवलीला म्हणाली.

अभिमन्यूनं रुद्राणीकडं बघितलं. पोरीची मान खाली. त्याला तिची दया आली असावी, कारण तो आवाज बदलून म्हणाला, "ताई, नुसत्या पाण्यानं आसं जळत न्हाय. पोरीनं पाणी घातलं आसंल, पर तेनं मेलं न्हाय ह्ये. पिन लावल्याली हुती म्हणून मेलं. पिन उपटली आसती तर मी वाळवून वाचवलं आसतं. म्या सांगितलं हुतं की तुमाला, सगळ्यात आदी पिन. कुणाकडं हुती पिन?"

रुद्राणीनं तीन दिवसांत पहिल्यांदा मान वर केली आणि आईच्या तोंडाकडं बघितलं.

एक शब्द पुरे होता. माझ्याकडं. एवढं म्हटलं असतं तर पोरीच्या छातीवरचा धोंडा तिथल्या तिथं उतरला असता, आणि दुसरं तिसरं कुणी ऐकायलाही नव्हतं तिथं, जिन्याखाली वाजणाऱ्या रेडिओशिवाय. शिवलीलाला ते कळत होतं. चांगलं कळत होतं. पण खुर्ची गेली, लॅपटॉप गेला, नवऱ्याचे मोर गेले, आणि हे आपल्याच हातानं गेलं हे म्हणायला तिची जीभ उचलेना.

"कुणाकडं होती की," ती म्हणाली. "गर्दी होती. मला आठवत नाही."

रुद्राणीनं बघितलं होतं. तांब्या हातात घेताना तिनं मान उंच करून बघितलं होतं, अव्वा बघतेय का म्हणून, आणि अव्वा कुठं उभी होती, तिच्या हातात काय होतं, सगळं तिला दिसलं होतं. तिनं मान परत खाली घातली.

अभिमन्यूनं स्क्रू लावून लॅपटॉप पुढं सरकवला. शिवलीलानं हात पुढं करायच्या आधीच पोरीनं तो उचलला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. दोघी पेठेतनं निघाल्या. ओझं पोरीच्या मानानं जड होतं, ती मधनंमधनं थांबून हात बदलायची. घरापर्यंत तिनं ते एकदाही खाली ठेवलं नाही, आणि शिवलीलानं, दे इकडं, असं एकदाही म्हटलं नाही.